सोडलेला गूळ

सेनगाव
२० ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप याडीस,
अबोलीचा शिरसाष्टांग नमस्कार.

'याडी' लिहिताना हात थांबला. जगन तुम्हाला याडी म्हणायचा, आणि मीही आईला तांड्यावर म्हणतात तसंच म्हणावं, असं गुळाच्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतं. आता ते चालतं की नाही हे मला कुणाला विचारता आलेलं नाही. चालत नसेल तर पुढच्या पत्रात सांगा, मी बदलेन.

फोन सोडून पत्र लिहिते आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. पण फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो आणि मग शिला फोन ठेवते. पत्रात निदान वाक्य पुरं होतं. मला चौथीपर्यंत आजोबांनी घरीच शिकवलं, शाळेत गेले की मला उलट्या व्हायच्या म्हणून. त्यांनी पहिल्यांदा पत्र लिहायला शिकवलं, निबंध नंतर. म्हणून मला हेच जमतं.

मला एक विचारायचं आहे. दिवाळी आली. आमच्याकडे अनारशाचे तांदूळ भिजत घातले आहेत. आई म्हणते, आपल्या घरी साखरपुडा नवरात्रानंतर व्हायचा होता. तो झाला नाही, म्हणजे आपल्याकडे काही झालेलंच नाही. शेजारच्या काकू विचारायला आल्या तेव्हा म्हणाली, "बोलणी चालू होती हो, तेवढंच." मी आतल्या खोलीत होते. ती खोटं बोलली असं मला म्हणवत नाही. आमच्या रीतीनं ते खरंच आहे.

पण तुमच्या रीतीनं झालं होतं. मे महिन्यात तांड्यावर चार माणसं बसली, गूळ वाटला, तांड्याचे नाईक सोनाजी म्हणाले, "गूळ खाल्ला, शब्द झाला, आता ही पोरगी या घरची." आजोबांनीही खाल्ला. मग सप्टेंबरात डेंग्यूनं जगन गेला तेव्हा मी कोण होते? तांड्यावर आले त्या दिवशी मी सगळ्या बायकांच्या मागे उभी राहिले होते. पुढे यायचा माझा हक्क आहे का, हे माझं मला ठरवता येईना. तुम्ही हात धरून मला पुढे ओढलंत. त्यानंतर मला असं कुणी कुठे ओढलेलं नाही.

या घरात माझं काही गेलेलं नाही. त्या घरात गेलं आहे. तर मी दिवाळी करायची की नाही? तुम्ही सांगाल तसं वागेन.

आपली,
अबोली


तांडा, गोरेगावजवळ
५ नोव्हेंबर २०२४

अबोलीस याडीचा आशीर्वाद. लिहिणार शिला.

तू याडीच म्हण. दुसरं काय म्हणशील, मावशी? मी कोणाची मावशी न्हाई.

तुझं पत्र आलं तवा दिवाळी होऊन गेली होती, म्हणून आता सांगून काय उपयोग. तरी सांगते. आमी दिवा लावला, गोडधोड केलं न्हाई. तू तुझ्या आईच्या घरी राहून राहिलीस, तिनं केलेलं तू खायचं. नवं नेसू वाटलं न्हाई तर नको नेसू, पण अनारसा खायचा. उपाशी पोरगी मला नको. तुझ्या आईला काही बोलू नको. तिला गल्लीत राहायचंय.

इकडं सोयाबीन निघालं. जगनचा बाप शेतातून येतो, बसतो, उठतो. बोलत न्हाई. पहिल्यानंही बोलत नव्हता, पण तवा त्याचं काही वाटत नव्हतं.

आता मी एक मागते. जगननं मला सांगितलं होतं का तुमची गाठ सेनगावच्या स्टँडवर पडली. तू येष्टीतून उतरलीस, तुझी पेटी टपावर, कंडक्टर काढून देईना, मग जगन टपावर चढला, पेटी काढली, तुझी वही खाली पडली, त्यानं उचलून दिली. हे तो मला भाकरी खाताना सांगायचा. मला ते तुझ्या तोंडून पाहिजे. त्यानं काय घातलं होतं, काय बोलला, हसला का. त्याचं माझ्यापाशी जेवढं होतं तेवढं मी उगाळून उगाळून संपवून राहिले. तुझ्यापाशी असेल ते मला दे.

जिवनबाई

ता. क. वहिनी, हे माझं. याडी सांगता सांगता मधीच गप बसते. मी पेन धरून बसते. तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे, माझं पाहून हसू नका, बारावीत मॅडम रोज हसतात. स्टँडची गोष्ट जरा मोठी लिहा. तिला पुरली पाहिजे.
शिला


सेनगाव
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप याडीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मी स्टँडची गोष्ट लिहून पाहिली. निळा शर्टही लिहिला. वही पडली, त्यानं धूळ झटकून दिली, असं सगळं लिहिलं. वाचून पाहिलं तर चांगली वाटली, आणि त्याचीच भीती वाटली. मग फाडून टाकली. तुम्ही मला त्याचं खरं मागितलं आहे. मी बनवलेलं दिलं तर तुम्ही ते जपून ठेवाल आणि त्यात जगन नसेल.

याडी, आमची गाठ स्टँडवर पडली नाही. आम्ही मोबाईलवर भेटलो. मोबाईलमध्ये एक ठिकाण असतं, तिथे लग्नाची नाहीतर ओळखीची इच्छा असलेली मुलंमुली आपला फोटो आणि माहिती टाकतात. दोघांनीही हो म्हटलं तरच बोलता येतं. मी संभाजीनगरला बी.एड. करत होते तेव्हा माझ्या खोलीतल्या नितानं ते माझ्या फोनवर घातलं. तिनं चेष्टेनं घातलं, मी माहिती मात्र खरी भरली. 'स्वतःबद्दल' असा रकाना होता, तिथे मी लिहिलं की मला लवकर घाबरायला होतं आणि मी उत्तर द्यायला वेळ लावते. निता म्हणाली, "बाई, तू नवरा शोधतीस का डॉक्टर?"

जगननं त्यावर एवढंच लिहिलं: "मी लिफ्ट बसवतो. दार उघडेपर्यंत थांबायची मला सवय आहे."

मी उत्तर दिलं ते पत्रासारखं. वर ठिकाण, तारीख, स. न. वि. वि. मला दुसरं येतच नव्हतं. मी लिहिलं, आपल्या माहितीत गाव म्हणून 'हिंगोली जिल्हा' लिहिलं आहे, जिल्हा हे गाव नव्हे, तरी नक्की गाव कळवावे. तर त्याचंही तसंच आलं. वर ठिकाण, तारीख, कृ. सा. न. वि. वि. खाली: "गाव नाही, तांडा आहे. गोरेगावहून जीपनं. आपल्याला चालेल का?" मी कळवलं, "चालण्या न चालण्याचा प्रश्न नाही, मी माहिती विचारली." हे वाक्य त्यानं मला पुढे कितीतरी वेळा ऐकवलं. मी रागावले की म्हणायचा, "प्रश्न नाही, मी माहिती विचारली."

तिथे हजार मुलं होती आणि मला सापडला तो माझ्या घरापासून जीपच्या अंतरावरचा. सेनगावच्या बाजारात आम्ही लहानपणी शेजारून गेलोही असू.

तोही तेव्हा संभाजीनगरलाच कामाला होता. पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटलो ते तिथल्या एका रसवंतीवर. मी निताला बरोबर नेलं होतं. तिनं रस पिऊन घेतला आणि "मला काम आहे" म्हणून गेली. त्यानं पांढरा शर्ट घातला होता, निळा नव्हता. इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. हात टेबलाखाली ठेवून बसला होता. नखांत काळं ग्रीस होतं, ते निघालं नव्हतं. मी विचारलं, "मग ग्लास कसा धरणार?" तेव्हा हसला. याडी, तुम्ही विचारलंत हसला का. हसला, आणि हात वर घेतले.

त्यानं लग्नाचं विचारलं ते एका नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये. त्यानंच बसवली होती. लोक अजून राहायला आले नव्हते. आम्ही वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. प्रत्येक मजल्यावर दार उघडायचं आणि समोर रिकामी भिंत. तो म्हणाला, "घरी सांगू का?" मी म्हटलं, "कुणाच्या घरी आधी?" तो म्हणाला, "माझ्या. माझ्या घरी ओरडणारं कुणी नाही."

त्यानं तुम्हाला स्टँडचं का सांगितलं हे मला माहीत नाही. मोबाईलवर भेटलेली मुलगी म्हटल्यावर तुमच्या मनात माझ्याबद्दल काही येऊ नये, म्हणून असेल. त्याचं बोलणं मी मोडलं, त्याबद्दल तुम्ही रागवाल तर माझ्यावर रागवा.

अबोली


तांडा
१ डिसेंबर २०२४

अबोलीस आशीर्वाद.

मला माहीत होतं. आता येष्टीच्या टपावर कोण सामान टाकतं? मी काय गोरेगावला जात न्हाई का? टपाला कॅरिअर न्हाई अन् म्हणे पेटी. पण ते पोरगं एवढं रंगवून सांगायचं, दर टायमाला पेटी मोठी व्हायची. शेवटी शेवटी तर त्या पेटीत तुझ्या आजोबाची पुस्तकं होती. मी म्हणायची, "मंग?" तो म्हणायचा, "मंग काय, मान मोडली माझी." मी खोटं आहे म्हणले असते तर त्यानं सांगणं बंद केलं असतं.

तू खरं लिहिलंस ते बराबर केलंस. रसवंतीचं मी शिलाकडून परत परत वाचून घेतलं. तो हात लपवायचा. शाळेत असताना शेण काढून गेला का असाच हात मागं धरायचा. ते मी इसरले होते. तू दिलंस.

लिफ्टमधी तुला नेलं, मला न्हाई नेलं. राग न्हाई. ती बिल्डिंग कुठं आहे ते ध्यानात ठेव.

तुला गुळाचा दिवस आठवतो का? तुझे आजोबा बंडोपंत राममंदिरातले, बाहेरचं पाणी न घेणारे. सगळा तांडा बघून राहिला होता का म्हातारा आता काय करतो. नाईकानं ताट पुढं केलं. त्यांनी खडा उचलला, डोळ्याला लावला, तोंडात टाकला, अन् म्हणले, "गूळ जरा चिकट आहे, पण चांगला आहे." जगनचा बाप त्या दिवशी हसला होता. लोकांनी त्याला हसताना बघून घेतलं.

तुझी आई मात्र आली नव्हती. ती बरी आहे ना?

जिवनबाई

ता. क. वहिनी, ते मोबाईलवरचं ठिकाण दाखव म्हणून याडी माझ्या मागं लागली आहे. मी म्हणलं, तुझं काय काम तिथं. तर म्हणते, "त्याचा फोटू असेल ना तिथं अजून." आहे का ते तुम्हीच बघा.
शिला


सेनगाव
२८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप याडीस,
सा. न. वि. वि.

तिथला त्याचा फोटो मी पाहिला. आहे. पण माणूस नाही हे त्या यंत्राला माहीत नाही, त्यामुळे तिथे तो अजून लग्नाचा आहे असं दिसतं. तो फोटो मी कागदावर छापून सोबत पाठवते आहे. तिथे जाऊन तुम्ही बघू नका. मी बघितलं, ते बरं झालं नाही.

आई बरी आहे, असं मी लिहिणार होते. पण ती बरी नाही. परभणीचं एक स्थळ आलं आहे, नचिकेत नावाचे, बँकेत आहेत. आईनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "माझा गूळ झालेला आहे." ती म्हणाली, "तो त्यांच्यातला." मी म्हणाले, "मला त्यांच्यातच दिलं होतं ना." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासत बसली, घासलेलीच.

बाबा गेले तेव्हा मी पाळण्यात होते. आईनं सगळं आयुष्य तसंच काढलं. मी तिच्यासारखा उपास धरला, पांढऱ्यातलं नेसले, की ती माझ्याकडे बघत नाही. मी हट्ट करत नाही, याडी. मला फक्त चुकायचं नाही. शब्द झाला की तो कुठपर्यंत असतो? माणूस गेला की संपतो, की दुसऱ्या बाजूनं राहतो? आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "हे ग्रंथात नाही. ज्यांचा गूळ त्यांना विचार."

म्हणून विचारते. तुम्ही राहतो म्हणालात तर मी राहीन. मला त्याचा त्रास नाही.

अबोली


तांडा
२ फेब्रुवारी २०२५

अबोलीस.

काल नाईकानं माणसं बसवली. मे महिन्यात खाल्लेला गूळ सोडला. तांड्यातले जे त्या दिवशी होते त्या सगळ्यांनी परत खाल्ला, म्हणजे शब्द परत घेतला. आमच्या तांड्यात असंच असतं. पोरीनं पण खायचा असतो. खडा पाठवला आहे, जीपवाला प्रेमदास आणून देईल. तो खा. खाल्लास का तू मोकळी.

आता पत्र पाठवू नको. शिलाची परीक्षा आहे, तिला लिहायला वेळ न्हाई.

जिवनबाई राठोड


सेनगाव
१० फेब्रुवारी २०२५

श्रीमती जिवनबाई राठोड यांस,
सा. न. वि. वि.

पत्र पाठवू नको असं सांगितलं असताना हे पाठवते आहे. हे शेवटचं समजावं.

गुळाचा खडा मिळाला. मी तो खाल्लेला नाही. तुमच्या रीतीप्रमाणे मी खाल्ल्याशिवाय ते पुरं होत नाही, असं तुमच्याच पत्रात आहे, म्हणून कळवणं भाग आहे. तुमच्या सगळ्यांनी सोडला, माझ्याकडून अजून सुटलेला नाही.

मी सगळी पत्रं आठवून पाहिली. माझ्याकडे तुमची आहेत, माझी तुमच्याकडे आहेत, त्यामुळे मी काय लिहिलं ते शब्दाला शब्द मला आठवत नाही. स्टँडचं खरं सांगितलं, ते तुम्हाला आवडलं नसेल. लिफ्टमध्ये मला नेलं हे लिहायला नको होतं. फोटो पाठवायला नको होता. की तांड्यावर कुणी म्हणालं, की ही घरात यायच्या आधीच आमचं माणूस गेलं, तिचं पाऊलच वाईट? तसं कुणी म्हणालं असेल, आणि तुम्हाला ते पटलं असेल, तर मला राग नाही. मलाही कधीकधी तसंच वाटतं. फक्त ते तुमच्या तोंडून कळलं असतं तर बरं होतं.

मी विचारलं होतं की शब्द कुठपर्यंत राहतो. तुम्ही उत्तर दिलंत. या घरात माझं काही झालं नव्हतं, आता त्याही घरात झालं नाही. म्हणजे जगन कुणाचाच कोणी नव्हता, असं धरून चालते.

अबोली


तांडा
२० फेब्रुवारी २०२५

वहिनी,

हे पत्र याडीला माहीत नाही. तिनं मला शपथ घातली होती. शपथ मोडली तर काय होतं ते मी बघून घेईन.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. अर्धं दाखवलं. 'जगन कुणाचाच कोणी नव्हता' इथं मी थांबले आणि "आपली अबोली" म्हणून संपवलं. पण तिला कळलं. म्हणाली, "एवढ्यात संपलं?"

वहिनी, तुमची आई आली होती. जानेवारीच्या शेवटी. एकटी, जीपनं, डोक्यावर पदर घेऊन. आम्हाला वाटलं मतदानाच्या यादीसाठी कोणी बाई आली. याडीनं बाज टाकली. त्या बसल्या, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला तर त्याच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी अबोलीची आई, अनुसूया."

याडी म्हणाली, "गुळाला आल्या न्हाई तुमी. आता काहून आल्या?"

त्या म्हणाल्या, "तेव्हा यायला हवं होतं. चुकलं."

मी चुलीपाशी होते. तुमची आई म्हणाली, "माझी पोरगी नियमानं चालते. लहानपणी सासऱ्यांनी तिला पाटीवर रेघ ओढून दिली, तर अक्षर रेघेच्या बाहेर गेलं की ती सगळी पाटी पुसायची. सगळी. आता तुमचा गूळ तिची रेघ झालाय. आम्ही सांगून ती ऐकत नाही, कारण ती रेघ आमची नाही. ती तुम्हीच पुसू शकता."

याडी म्हणाली, "तुमी तर लोकायला सांगून राहिल्या का काही झालंच न्हाई."

"लोकांना सांगते. घरात मी बघते ना ती कशी बसते ते."

"माझं पोरगं गेलं. त्याचं म्हणून एवढी एक पोरगी राहिली. ती पण मी देऊ?"

तुमची आई रडली नाही. मला वाटलं होतं रडतील. त्या म्हणाल्या, "माझा नवरा गेला तेव्हा मी तिच्याएवढी होते. मला कोणी सोडवलं नाही. सोडवायचं असतं हेच कोणाला सुचलं नाही. मी चांगली राहिले म्हणून सगळ्यांनी नाव काढलं."

मग याडीनं तांब्या त्यांच्याकडं सरकवला. म्हणाली, "पाणी प्या." तुमच्या आईनं तांब्या उचलला आणि सगळं पाणी प्यायल्या. तेव्हा याडी म्हणाली, "मी सोडते. पण तुमी आल्या होत्या हे तिला कळू द्यायचं न्हाई. तिला राग येईल तर माझ्यावर येऊ द्या. माझ्यापाशी तिला राहायचं न्हाई, तुमच्यापाशी राहायचंय. एका आईवर तरी तिचा राग नको."

पाऊल वाईट असं इथं कोणी म्हणालं नाही. सोडायच्या दिवशी बा बाहेर आलाच नाही, नाईकानं हात धरून आणलं. गूळ हातात घेतला, तोंडात टाकेना. याडीनं स्वतः त्याच्या तोंडात घातला.

हे वाचून फाडून टाका. आणि याडीला लिहू नका की मी सांगितलं.

शिला


सेनगाव
२४ मार्च २०२५

तीर्थरूप याडीस,
सा. न. वि. वि.

आता ही हाक चालत नाही, हे मला माहीत आहे. हे एक पत्र तेवढी चालवून घ्या.

परवा न कळवता आले. जीपमधून उतरले तेव्हा वाटलं, तुम्ही परत पाठवाल. तुम्ही दारातूनच म्हणालात, "खाल्ला न्हाईस ना तू?" मी म्हणाले, नाही. म्हणालात, "मला माहीत होतं. दुसऱ्याच्या हातानं धाडलेलं तू मानणार न्हाईस."

तुमचं बरोबर होतं. मला तो खडा एकटीनं, दार लावून खाता येत नव्हता. मे महिन्यात खाल्ला तो चार माणसांत होता. तुम्ही नाईकांना बोलावलंत, शिला बाहेर येऊन उभी राहिली, शेजारच्या बायका आल्या. यंदा तांड्यावर होळीला तुमच्या घरचं कुणी गाण्यात गेलं नाही, हे मला त्यातल्या एकीनं सांगितलं. जगनचे बाबा बाजेवर बसले होते. माझ्याशी ते कधी बोलले नव्हते. म्हणाले, "खा बेटा." मग मी खाल्ला. सगळ्यांच्या समोर खाल्ला, म्हणजे नंतर माझ्या मनात शंका येणार नाही की झालं की नाही. झालं.

तुम्ही का सोडलात हे मी विचारलं नाही. पुढेही विचारणार नाही. मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्यातलं एक वाक्य चुकीचं होतं. कोणतं ते तुम्हाला माहीत आहे. ते मी परत घेते.

घरी आईनं विचारलं, "कुठे गेली होतीस?" मी म्हटलं, गोरेगावला, मैत्रिणीकडे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं ताट वाढलं आणि मी जेवत असताना समोर बसून राहिली. परभणीच्या लोकांना मी अजून हो म्हटलेलं नाही. पण नाही म्हणायला माझ्याकडे आता गूळ नाही. जे म्हणायचं ते माझं मलाच म्हणावं लागेल, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

एक सांगायचं राहिलं. येताना जीपमध्ये शेजारी एक बाई होत्या, मांडीवर पिशवी, पुसेगावला चालल्या होत्या. त्यांनी मला तांड्यापाशी चढताना पाहिलं होतं. विचारलं, "तांड्यावर कोण असतं तुमचं?"

याडी, कालपरवापर्यंत याचं उत्तर मला पाठ होतं. मी म्हणाले, "कुणी नाही. ओळखीचे आहेत."

त्या म्हणाल्या, "ओळखीच्याकडं एवढ्या उन्हात?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी दुसऱ्या कुणाशी बोलणं काढलं.

मी बरोबर सांगितलं ना?

अबोली


तांडा
६ एप्रिल २०२५

अबोलीस.

बराबर सांगितलंस.

शिलाचे पेपर झाले. बरे गेले म्हणते. जगनचा बाप तू गेल्यावर म्हणला, "पोरगी वाळली." एवढंच म्हणला, पण म्हणला.

तुझ्या आईनं वाढलं ते तू खाल्लंस, हे चांगलं केलंस. परभणीवाल्याला हो म्हण का न्हाई म्हण, ते तुझं तू बघ. भ्यायला होईल. होऊ दे. मला इचारू नको आता. मी सांगितलेलं तू धरून बसतीस, अन् मला तुझी रेघ व्हायचं न्हाई.

गुरुवारी आमी दोघी गोरेगावच्या बाजारात गेलो होतो. तिथं एका बाईनं इचारलं, ती गोरी पोरगी कोण आली होती तुझ्याकडं, नाईकानं माणसं बसवली होती म्हणे. मी म्हणलं, कोणी न्हाई, शिलाची मैत्रीण. शिला शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं न्हाई. कांद्याचा भाव इचारला.

जिवनबाई